पॅनेल तापतंय? कूलिंग निवडायच्या आधी बाहेरची हवा बघा

कंट्रोल पॅनेलचं दार सताड उघडं आणि समोर पेडेस्टल फॅन घोंघावतोय, हे चित्र ज्यानं बघितलं नाही असा मेंटेनन्सवाला सापडायचा नाही. ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं युनिट) ओव्हरटेम्परेचरला ट्रिप झाला, म्हणजे जास्त तापून बंद पडला की आधी दार उघडतं, मग पंखा येतो, मग तो पंखा तिथंच मुक्काम ठोकतो आणि काही महिन्यांत आत धूळ बसून एखादं कार्ड जातं. मी या कामात नवीन होतो तेव्हा मला वाटायचं की कूलिंग निवडायचं म्हणजे कॅटलॉग उघडायचा, वॅटचा आकडा बघायचा आणि त्याच्यापेक्षा एक साईज मोठं मॉडेल मागवायचं. तसं करून एकदा चांगलाच फसलोय, ते पुढे सांगतो. आता नवीन कुणी विचारलं की मी वॅट विचारतच नाही, आधी विचारतो की पॅनेलच्या बाहेरची हवा कशी आहे, किती गरम, किती दमट, त्यात काय उडतं. या प्रश्नाच्या उत्तरावर अर्धे पर्याय आपोआप बाद होतात आणि उरलेल्यातून निवडणं सोपं जातं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर इलेक्ट्रॉनिक्समधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर १० डिग्री तापमान वाढलं की साधारण निम्म्या आयुष्यावर येतात. म्हणजे पॅनेल ट्रिप होत नाहीये म्हणून सगळं ठीक आहे असं नसतं, आत ५० डिग्री असेल तर ड्राइव्ह, पॉवर सप्लाय, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) हे सगळे गुपचूप म्हातारे होत असतात.

हाताशी काय काय हवं

- पॅनेलचं जीए ड्रॉइंग (बाहेरची मापं आणि मांडणी दाखवणारं), नसेल तर टेप घेऊन उंची, रुंदी, खोली स्वतः मोजा
- पॅनेल भिंतीला टेकलंय का, बाजूला दुसरं पॅनेल आहे का याचा फोटो
- ड्राइव्ह, पॉवर सप्लाय, ट्रान्सफॉर्मर यांच्या डेटाशीट, त्यात पॉवर लॉस लिहिलेला असतो
- तापमान आणि आर्द्रता दोन्ही नोंदवणारा डेटा लॉगर, जमलं तर दोन
- क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा)
- थर्मल कॅमेरा असेल तर फारच छान, नसला तरी अडत नाही
- एक पांढरं कापड (हसू नका, पुढच्याच स्टेपला लागणार आहे)

१. आधी बाहेरची हवा मोजा

लॉगर निदान आठवडाभर लावा, आणि वर्षातला सगळ्यात गरम काळ धरून हिशोब करा. लॉगर कुठे लावताय त्याला फार महत्त्व आहे. शॉपमधलं तापमान म्हणून ऑफिसच्या दाराजवळचं तापमान लिहून आणणारे लोक मी बघितलेत आणि पॅनेल मात्र भट्टीच्या बाजूला मेझनाइनवर उभं असतं, तिथं वरती सगळी गरम हवा साचलेली असते. जिथे फॅन किंवा एसी बसणार आहे त्याच उंचीवर, पॅनेलपासून हातभर अंतरावर लॉगर लटकवा. दुसरा लॉगर असेल तर तो पॅनेलच्या आत वरच्या भागात.

मग ते पांढरं कापड घ्या आणि पॅनेलच्या डोक्यावरून एकदा पुसून बघा. कोरडी पांढरट किंवा मातकट धूळ आली तर ती साधी धूळ, फिल्टर सांभाळेल. तंतू आले, कापसासारखे गुंडाळे आले तर फिल्टर मॅट (फॅनपुढची गाळणी) झटक्यात चोंदणार. कापड चिकट झालं आणि पिवळसर डाग पडला तर हवेत ऑइल मिस्ट आहे, सीएनसी मशीनच्या आसपास हे हमखास असतं. आणि कापड काळं कुळकुळीत झालं तर सावध व्हा, कार्बन किंवा धातूची भुकटी असेल तर ती वीज वाहून नेते, असली हवा पॅनेलच्या आत एक चमचाभरही जायला नको. ही दोन मिनिटांची टेस्ट आहे पण मला तरी कॅटलॉगमधल्या कुठल्याही टेबलापेक्षा जास्त उपयोगी पडलीय.

२. आत किती उष्णता तयार होते ते काढा

डेटाशीटमध्ये प्रत्येक आयटमचा लॉस बघा आणि बेरीज करा. डेटाशीट मिळत नसेल तर ड्राइव्हला त्याच्या पॉवरच्या ३ टक्के धरा, अंदाजाला पुरतं. पॉवर सप्लायला एफिशियन्सीवरून काढा, २४ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय ९० टक्के एफिशियन्सीचा असेल तर फुल लोडला साधारण २७ वॅट उष्णता देतो.

उदाहरण घेऊ. एका पॅनेलमध्ये ११ किलोवॅटचे दोन ड्राइव्ह आणि ५.५ किलोवॅटचा एक. पहिले दोन मिळून ६६० वॅट, तिसरा १६५, पॉवर सप्लाय ३०, पीएलसी, रिले, कॉन्टॅक्टर मिळून ४५. झाले ९०० वॅट.

इथे दोन चुका होतात. पहिली, मोटरची पूर्ण पॉवर उष्णता म्हणून धरणं. मोटर बाहेर आहे, तिची उष्णता बाहेरच आहे, पॅनेलमध्ये फक्त ड्राइव्हचा लॉस. दुसरी चूक उलटी, ब्रेकिंग रेझिस्टर (मोटर थांबवताना परत येणारी ऊर्जा उष्णतेत जाळणारा) आत बसवलेला असतो आणि तो मोजायचा राहतो. त्याला शक्यतो पॅनेलच्या बाहेर डोक्यावर जाळीत बसवा, विषय संपला. असंच काही ड्राइव्ह हीटसिंक मागून बाहेर काढून बसवता येतात, तसं केलं तर बरीचशी उष्णता आत येतच नाही. कूलिंगचा आकडा वाढवत बसण्यापेक्षा उष्णता बाहेर ठेवणं केव्हाही बरं, पण नवीन पॅनेल डिझाइन करताना हा विचार फार कमी लोक करतात.

सगळे ड्राइव्ह एकाच वेळी फुल लोडला चालतात का हेही क्लॅम्प मीटर लावून बघा.

३. आत किती डिग्री चालेल ते ठरवा

बहुतेक ठिकाणी ३५ डिग्री धरतात. चांगला आकडा आहे पण डोळे झाकून धरू नका, कारण या एका आकड्यावर सगळा हिशोब फिरतो. आत सगळ्यात नाजूक आयटम कोणता, त्याचं डीरेटिंग (तापमान वाढलं की लोड कमी करणं) कुठून सुरू होतं ते बघा. बरेच ड्राइव्ह ४० डिग्रीपर्यंत पूर्ण करंट देतात आणि त्याच्यापुढे कमी करावा लागतो.

४. पत्र्यातून किती जातं ते वजा करा

पॅनेलचा पत्रा स्वतःच थोडं कूलिंग करतो. आयईसी ६०८९० या स्टँडर्डमध्ये यासाठी इफेक्टिव्ह एरिया काढायची पद्धत दिलीय, चारी बाजूंनी मोकळ्या उभ्या पॅनेलला असं:

एरिया = १.८ × उंची × (रुंदी + खोली) + १.४ × रुंदी × खोली

आपलं पॅनेल २००० बाय ८०० बाय ६०० मिलिमीटर असेल तर मीटरमध्ये घालून ५.७ चौरस मीटर येतं. पाठ भिंतीला लावली तर तेच ५.१ च्या आसपास, म्हणजे भिंतीला टेकवल्यावर कूलिंग कमी होतं हे आकड्यातच दिसतं. पेंट केलेल्या स्टीलच्या पत्र्याला दर चौरस मीटर दर डिग्री ५.५ वॅट धरतात, प्लास्टिकच्या बॉक्सला ३.५ च्या आसपास. आपल्या मोकळ्या पॅनेलला ५.७ × ५.५ म्हणजे दर डिग्री फरकाला ३१ वॅट.

आता तीन केस बघा, इथेच खरी गंमत कळते.

बाहेर ३०, आत ३५ हवं: फरक ५ डिग्री, पत्र्यातून जवळपास १५७ वॅट गेले, उरले ७४३.

बाहेर ३०, आत ४० चालतंय: फरक १० डिग्री, पत्र्यातून ३१४ गेले, उरले ५८६.

बाहेर ४५, आत ३५ हवं: आता उष्णता उलटी आत येते, ३१४ वॅट वाढले, एकूण १२१४ वॅट बाहेर काढायचेत.

तेच पॅनेल, तेच ड्राइव्ह, आणि आकडा ५८६ पासून १२१४ पर्यंत. म्हणून म्हणतो बाहेरची हवा आधी.

५. आता प्रकार निवडा

स्वतःला एकच प्रश्न विचारा: वर्षभर, सगळ्यात गरम दुपारीसुद्धा, बाहेरची हवा मला आत हवी त्यापेक्षा थंड असते का?

*हो, आणि हवा स्वच्छ कोरडी आहे.* मग फिल्टर फॅन, म्हणजे बाहेरची हवा गाळून आत ढकलणारा पंखा. सगळ्यात साधा, बिघडला तर कुणीही बदलू शकतो. हवेचा हिशोब असा: उरलेले वॅट भागिले डिग्रीचा फरक, गुणिले ३.१, उत्तर घनमीटर प्रति तास. पहिल्या केसला ४६० च्या वर जातं, दुसऱ्या केसला १८२ च्या आसपास. आत पाच डिग्री जास्त चालवून घेतले तर फॅन निम्म्याहून लहान झाला. हा ३.१ समुद्रसपाटीचा आहे, १००० मीटर उंचीवर ३.५ धरा, कारण तिथे हवा विरळ असते. एक मोठा ट्रॅप: कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरात जो एअरफ्लो असतो तो कधीकधी फिल्टर आणि एक्झॉस्ट ग्रिल नसतानाचा असतो. ग्रिलसकट किती मिळतो ती ओळ शोधा, आणि मॅट मळणार आहे म्हणून वर थोडं जास्तच ठेवा.

*हो, पण हवा घाणेरडी आहे.* एअर टू एअर हीट एक्सचेंजर. आतली हवा आत फिरते, बाहेरची बाहेर, मध्ये फक्त उष्णता जाते. त्याची कपॅसिटी वॅट प्रति डिग्री अशी दिलेली असते. दुसऱ्या केसला ५८६ वॅट आणि फरक १० डिग्री, म्हणजे ५९ वॅट प्रति डिग्रीचा लागेल. पण हे लक्षात ठेवा की बाहेरपेक्षा आत थंड तो कधीच करू शकत नाही, त्यामुळे बाहेर ४५ असेल तर त्याचा उपयोग नाही.

*नाही, बाहेर जास्त गरम असतं.* पॅनेल एसी किंवा एअर टू वॉटर (आतली उष्णता थंड पाण्याला देणारा एक्सचेंजर). एसी घेताना नेमप्लेटवरचा आकडा कोणत्या तापमानाला आहे ते बघा. बहुतेक वेळा मोठा आकडा बाहेर ३५ आत ३५ चा असतो, बाहेर ५० आत ३५ ला तोच एसी बराच कमी कूलिंग देतो. आपल्या १२१४ वॅटला १२५० लिहिलेला एसी घेतला तर ४५ डिग्रीला तो पुरणार नाही. परफॉर्मन्स कर्व्ह मागा आणि तुमच्या तापमानाला बोट ठेवून वाचा.

एअर टू वॉटर तिथे, जिथे हवा इतकी गरम किंवा घाण आहे की एसीचा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी कॉइल) सुद्धा टिकत नाही आणि प्लँटमध्ये चिल्ड वॉटर आधीपासून फिरतंय. उष्णता पाण्यातून दूर जाते त्यामुळे पॅनेलच्या आसपासची खोलीही तापत नाही. पाणी पॅनेलजवळ आणायला लोक घाबरतात, भीती रास्त आहे, म्हणून दाराला किंवा बाजूला असं बसवा की गळती झालीच तर थेंब ड्राइव्हवर पडणार नाही.

*छोटा बॉक्स, थोडीच उष्णता.* ऑपरेटर पॅनेल, कॅमेऱ्याचा बॉक्स, ॲनलायझर, अशा ठिकाणी पेल्टियर कूलर (वीज दिली की एक बाजू थंड होणारी चकती) चांगला, कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, आडवा उभा कसाही बसतो. वीज मात्र कूलिंगच्या मानाने जास्त खातो म्हणून मोठ्या पॅनेलला नाही.

*जागाच नाही आणि एअर लाइन हाताशी आहे.* व्होर्टेक्स ट्यूब. एकही हलणारा पार्ट नाही, प्लँटची कॉम्प्रेस्ड एअर आत जाते, एका टोकाने गरम आणि दुसऱ्या टोकाने थंड हवा निघते, आत पॉझिटिव्ह प्रेशर राहतं त्यामुळे धूळ शिरत नाही. पण कॉम्प्रेस्ड एअर फुकट नसते, तिथे मिळणाऱ्या कूलिंगच्या कितीतरी पट वीज कॉम्प्रेसर खातो. थर्मोस्टॅट आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हशिवाय लावू नका, आणि हवा कोरडी, ऑइल फ्री हवी.

६. जागेप्रमाणे काय बदलतं

ऑइल मिस्ट असेल तिथे फिल्टर फॅन विसरा. तेलकट मॅट भिजून बंद होते आणि थोडं तेल आत जाऊन सगळ्यावर चिकट थर बसतो, त्यावर धूळ. क्लोज्ड लूप (बाहेरची हवा आत न घेणारं) काहीतरी घ्या, आणि एसी घेतला तरी त्याच्या कंडेन्सरची साफसफाई शेड्यूलमध्ये टाका.

तंतू उडणाऱ्या ठिकाणी, म्हणजे सूत, कापड, कागद, लाकूड, तिथे कंडेन्सरच्या फिनमध्ये (पातळ पत्र्यांमध्ये) रुंद फट असलेला फिल्टरलेस एसी बघा. बारीक फिनमध्ये तंतू अडकून गादी तयार होते.

वॉशडाउन असेल तर स्टेनलेस युनिट आणि तेवढंच आयपी रेटिंग (धूळ-पाण्यापासून किती संरक्षण आहे त्याचा आकडा). एक गोष्ट नवीन लोकांना कुणी सांगत नाही: पॅनेल आयपी ६५ घेतलं आणि त्यात आयपी ५४ चा फिल्टर फॅन बसवायला भोक पाडलं की ते पॅनेल आयपी ५४ चं झालं. सगळ्यात कमजोर भोकावर रेटिंग ठरतं.

समुद्राजवळ खारी हवा आत घेऊच नका, आणि कंडेन्सर कॉइलला कोटिंग मागा.

उघड्यावर उन्हात उभं पॅनेल असेल तर सूर्याची उष्णता हिशोबात धरावी लागते, भर उन्हात दर चौरस मीटरला १००० वॅटच्या आसपास ऊन पडतं. आधी पांढरा किंवा फिका रंग आणि वर, बाजूला थोडी फट सोडून सावलीचा पत्रा, मग कूलिंगचं बघा. रात्री थंडी पडत असेल तर छोटा हीटर आणि हायग्रोस्टॅटही (आर्द्रतेवर चालणारा स्विच) लागतो, नाहीतर पहाटे आत दव धरतं.

स्फोटक गॅस किंवा धुळीच्या झोनमध्ये तुम्ही स्वतः काहीच ठरवू नका. सर्टिफाइड बॉक्सला एक भोक पाडलं तरी सर्टिफिकेट गेलं. तिथे त्या झोनसाठी मान्य असलेलं युनिटच लागतं आणि निर्णय त्या विषयातल्या माणसाचा.

७. पाणी, म्हणजे माझी फसगत

एका दमट जागेतल्या पॅनेलला मी एसी निवडला होता. हिशोब ७०० वॅटचा, मी सेफ राहायचं म्हणून जवळपास दुप्पट घेतला आणि कमिशनिंगला सेटिंग २० डिग्रीवर ठेवलं, जितकं थंड तितकं चांगलं या समजुतीने. महिन्याभरात तक्रार आली की २४ व्होल्टला अर्थ फॉल्ट येतो जातो. दार उघडून बसलो. खालच्या टर्मिनल स्ट्रिपचे स्क्रू हिरवट पांढरे पडलेले, आणि वायरिंग डक्टच्या काठावर एक थेंब लटकलेला, बघता बघता खाली पडला आणि त्याच्या जागी दुसरा यायला लागला.

कारण हवेतच होतं. बाहेर ३५ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ड्यू पॉइंट २८.७ डिग्री असतो. म्हणजे २८.७ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पत्र्यावर, टर्मिनलवर ती हवा लागली की पाणी धरणारच. आणि हवा आत येत होती, खालच्या ग्लँड प्लेटमध्ये (केबल आत येतात त्या पत्र्यात) तीन भोकं रिकामी होती, शिवाय ऑपरेटर रोज रीसेट करायला दार उघडायचे. एसी मोठा असल्यामुळे दोन मिनिटं चालून बंद पडायचा, ओल काढायला त्याला वेळच मिळत नव्हता. वरून ड्रेनचा पाईप खाली वळसा घालून परत वर गेलेला, त्यात पाणी तुंबलेलं.

भोकं ब्लँकिंग प्लगने बंद केली, सेटिंग ३५ केलं, ड्रेन पाईप सरळ उतारात कापला, दाराला लिमिट स्विच लावला म्हणजे दार उघडलं की एसी बंद. टर्मिनल बदलले. फॉल्ट थांबला. एअर टू वॉटर आणि चिल्ड वॉटरच्या पाईपलाही हाच नियम, पाणी ड्यू पॉइंटपेक्षा थंड असेल तर पाईपला घाम फुटणार, इन्सुलेशन लावा.

८. बसवताना

फिल्टर फॅन खाली, हवा आत ढकलणारा, आणि एक्झॉस्ट वर विरुद्ध बाजूला. उलटं करून वर ओढणारा लावला तर प्रत्येक फटीतून न गाळलेली धूळ आत ओढली जाते.

एसीची थंड हवा ज्या बाजूने येते तिथे ड्राइव्हचा स्वतःचा फॅन तिच्या विरुद्ध फुंकत नाही ना ते बघा. दोघे समोरासमोर आले तर थंड हवा वळून परत एसीतच जाते, एसीला वाटतं काम झालं, आणि ड्राइव्ह तापलेलाच. आउटलेटसमोर वायरिंग डक्ट, ड्रॉइंगचा खिसा असलं काही नको. बाहेरच्या बाजूलाही गरम हवा निघायला मोकळी जागा सोडा, बाजूच्या पॅनेलच्या एसीची गरम हवा आपल्या एसीत शिरत असेल तर दोन्ही एसी भांडत बसतात.

९. सुरू झाल्यावर परत मोजा

हे फार कमी लोक करतात. लॉगर परत आत लावा, ड्राइव्हच्या एअर इनटेकजवळ, आणि गरम दिवसांत फुल प्रॉडक्शनवर दोन दिवस ठेवा. हिशोबात ३५ आणि प्रत्यक्षात ४१ येत असेल तर दहातल्या बहुतेक वेळा हवा नीट फिरत नसते किंवा मॅट चोंदलेली असते, युनिट लहान आहे असं लगेच ठरवू नका.

मॅट किती दिवसांनी बदलायची हे पुस्तकात शोधू नका. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला काढून उजेडात धरा, पलीकडचा उजेड दिसायचा बंद झाला तो तुमचा कालावधी, त्याच्या थोडं आधीची तारीख धरा. ती तारीख, मॅटची साईज आणि थर्मोस्टॅटचं सेटिंग दाराच्या आतल्या बाजूला स्टिकरवर लिहून ठेवा, आणि एक जादा मॅट पिशवीत घालून ड्रॉइंगच्या खिशात.